माऊस: १८८ टनांचा रणगाडा चालला कसा आणि अडला कुठे

प्रश्न तीन आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने बनवलेला ‘माऊस’ खरोखर स्वतःच्या बळावर चालत होता का? त्यात नेहमीच्या गिअरबॉक्सऐवजी विजेच्या मोटारी का घातल्या? आणि दोनच गाड्यांवर काम का थांबलं?

चालत होता, वळतही होता. एवढ्या वजनाच्या मानाने बऱ्यापैकी वळत होता. माऊसमध्ये जे जे विचित्र दिसतं ते बहुतेक एकाच अडचणीतून आलेलं आहे: रणगाड्याचं वजन कितीही वाढवता येतं, रुंदी मात्र रेल्वे ठरवते. रणगाडा लांबच्या आघाडीवर रेल्वेनेच न्यावा लागतो, त्यामुळे माऊसची रुंदी ३.६७ मीटरच्या पुढे गेली नाही. उंचीही साधारण तेवढीच, ३.६३ मीटर. तोफेसकट लांबी मात्र १० मीटरच्या वर. म्हणजे वाढलेला सगळा भार लांबीत गेला, आणि तिथून पुढचे प्रश्न सुरू झाले.

आधी वजन कसं चढलं ते पाहू. मार्च १९४२ मध्ये मोटार अभियंता फर्डिनांड पोर्शला सांगितलं गेलं ते १०० टनांच्या रणगाड्याचं. जूनच्या आराखड्यात ते १२० टन झालं, वर्ष सरेपर्यंत दीडशेच्या पुढे गेलं. तोफेबद्दलचं मत अनेकदा बदललं. १५ सेंटिमीटरची, १०.५ची, १२.८ची अशा सगळ्या चर्चा झाल्या आणि शेवटी १२.८ सेंटिमीटर व तिच्या शेजारी ७.५ सेंटिमीटर अशी जोडी ठरली. फेब्रुवारी १९४३ मध्ये, आराखडा जवळजवळ गोठवायच्या वेळी, शस्त्रास्त्र खात्याने नवी अट घातली: आग फेकणारी यंत्रणा हवी, १,००० लिटर इंधनाच्या टाकीसह. तेवढ्यानेच जवळजवळ ५ टन वाढले आणि अंदाज १७९ टनांवर गेला. पुढे ही ज्वालाफेकी यंत्रणा काढूनही टाकली, पण तोवर तिच्यापायी सस्पेन्शन, म्हणजे चाकांवर भार पेलणारी स्प्रिंगची यंत्रणा, बदललं होतं. १ मे १९४३ला हिटलरला लाकडी प्रतिकृती दाखवली गेली. खरा गाडा १८८ टनांवर थांबला.

हे टन येतात कुठून याचा हिशोब सोपा आहे. पोलादाची घनता दर घनमीटरला ७.८५ टन. म्हणजे २०० मिलीमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा १.५७ टनांचा. माऊसच्या समोरच्या हलवर (खालच्या मुख्य धडावर) २०० मिलीमीटर, कडेला १८०, टरेटच्या (तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजाच्या) तोंडावर २२०. कडेची फक्त एक मीटर उंचीची पट्टी घेतली तरी ९ मीटर लांबीत ती १२.७ टनांची होते, आणि तशा दोन बाजू. खालच्या भागात ट्रॅकच्या (चाकांवरून फिरणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या) बाहेरचा पत्रा १०० मिलीमीटरचा आणि आतली भिंत वेगळी. नुसतं टरेटच सुमारे ५५ टनांचं. तुलनेसाठी, आपला अर्जुन मार्क १ए अख्खा ६८ टनांचा आहे. एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी: जाडी वाढली की पत्रा तर जड होतोच, पण तो पेलायला सस्पेन्शन, ट्रॅक, इंजिन सगळं मोठं लागतं. मग ते झाकायला आणखी पत्रा लागतो. टरेटच्या पत्र्यात वाढवलेला एक टन अखेरीस गाड्यात दीड-दोन टन होऊन उतरतो.

आता ट्रॅक. १८८ टन जमिनीवर पसरवायला प्रत्येक ट्रॅक १.१ मीटर रुंद घेतला आणि जमिनीला टेकणारी लांबी ५.८८ मीटर. दोन्ही ट्रॅकचं क्षेत्रफळ १२.९ चौरस मीटर, म्हणजे दाब दर चौरस सेंटिमीटरला १.४५ किलो. टायगर-१ या जड जर्मन रणगाड्याचा दाब १.१च्या आत-बाहेर होता आणि तोच चिखलात रुतायचा. शिवाय कागदावरचा दाब हा सरासरी असतो. प्रत्यक्षात रोड व्हीलच्या (ट्रॅकवर टेकणाऱ्या चाकाच्या) बरोबर खाली तो कितीतरी जास्त असतो आणि दोन चाकांच्या मधे कमी. माऊसमध्ये लहान लहान पुष्कळ चाकं ओळीने बसवली ती याचसाठी, भार शक्य तेवढा सारखा पसरावा म्हणून.

त्यात ३.६७ मीटर रुंदीपैकी २.२ मीटर दोन ट्रॅकनीच खाल्ली. उरलेल्यातून बाहेरची चिलखती झालर वजा केली तर दोन ट्रॅकच्या मधे हलला सव्वा मीटरसुद्धा धड मिळत नाही. त्या अरुंद नाल्यात इंजिन, जनरेटर आणि मोटारी बसवायच्या होत्या. माऊसच्या आतल्या मांडणीवर लोक हसतात, पण एवढ्या जागेत दुसरं काय जमलं असतं हे कागदावर काढून पाहावं.

आणि यापेक्षा मोठी अडचण वळण्याची. ट्रॅकवरचं वाहन वळतं तेव्हा ट्रॅकची पुढची आणि मागची टोकं जमिनीवर आडवी घासत जातात. ट्रॅक जितका लांब, तितकं हे घासणं जास्त. दोन ट्रॅकमधलं अंतर जितकं मोठं, तितकी वळवायला तरफ चांगली. म्हणून टेकलेली लांबी भागिले ट्रॅकच्या मध्यरेषांमधलं अंतर हा आकडा रणगाड्याच्या आराखड्यात सगळ्यात आधी पाहतात. टायगर-१मध्ये तो १.२८. माऊसमध्ये ५.८८ भागिले २.३३, म्हणजे २.५२.

साध्या गणिताने पाहू. जागच्या जागी वळायला प्रत्येक ट्रॅकवर लागणारं बल म्हणजे घर्षणांक गुणिले वजन गुणिले हा आकडा, भागिले चार. आणि एका ट्रॅकला जमीन जास्तीत जास्त देऊ शकते ते बल म्हणजे घर्षणांक गुणिले अर्धं वजन. दोन्ही समान धरले की आकडा येतो २. त्यापुढे, भार सर्वत्र सारखा आणि घर्षण सर्व दिशांना सारखं असेल, तर गाडा घसरेल पण वळणार नाही. माऊस या मर्यादेच्या पलीकडे आहे. तरी तो वळला. कारण प्रत्यक्षात भार सर्वत्र सारखा नसतो. तो मधल्या चाकांवर जास्त असला की टोकं हलकी होतात. शिवाय चालता चालता मोठ्या वळणावर आडवं घर्षण पूर्ण लागत नाही. पण याचा अर्थ असा की वळताना लागणारं बल प्रचंड आणि ते अगदी कमी वेगात, सलग, झटके न देता मिळालं पाहिजे. विजेच्या मोटारींचा मुद्दा इथे येतो.

त्या काळचे जड जर्मन रणगाडे गिअरबॉक्स आणि स्टीअरिंग युनिटवर चालत. टायगर-२मध्ये ७०० अश्वशक्ती आणि ७० टनांना ८ गिअरचा मेबाख गिअरबॉक्स होता, आणि त्याचे फायनल ड्राइव्ह (ट्रॅक फिरवणारे शेवटचे गिअर) दातं तुटून निकामी व्हायचे. १८८ टनांसाठी, हजारावर अश्वशक्तीचा, वळताना तुटणार नाही आणि सव्वा मीटरच्या नाल्यात मावेल असा गिअरबॉक्स कुणाकडेच तयार नव्हता. पोर्शचा वीज-ड्राइव्हवर आधीपासून जीव होता. टायगरच्या स्पर्धेतला त्याचा गाडाही पेट्रोल-इलेक्ट्रिक होता आणि तो मुख्यतः हवेने थंड होणाऱ्या इंजिनांपायी हरला. त्याचे तयार हल पुढे फर्डिनांड तोफगाडे म्हणून वापरले गेले. त्यामुळे माऊसचा वीज-ड्राइव्ह हा पोर्शचा हट्ट होता असं म्हणतात. हट्ट होताच, पण या वजनाला तो बरोबर लागू पडला.

मांडणी अशी: सर्वांत पुढे चालक आणि रेडिओवाला. त्यांच्या मागे इंजिन. इंजिनाच्या मागे, टरेटच्या खाली, एकाच लांब घरात दोन जनरेटर. अगदी मागे दोन मोटारी, प्रत्येक आपापल्या ट्रॅकची, मधे दोन टप्प्यांचं गिअर: एक रस्त्यासाठी, एक रानासाठी. इंजिन ते मोटारी यांच्यात शाफ्ट नाही, फक्त तारा. त्यामुळे टरेटखालून शाफ्ट नेण्याची कटकट गेली. वीजयंत्रणा सीमेन्स-शुकर्टची.

चालवण्याची रीत वॉर्ड-लिओनार्ड पद्धतीची. इंजिन एका ठरावीक फेऱ्यांवर ठेवायचं आणि जनरेटरचा फील्ड करंट कमी-जास्त करून त्या बाजूच्या मोटारीला मिळणारं व्होल्टेज बदलायचं. डाव्या जनरेटरचं व्होल्टेज उतरवलं की डावा ट्रॅक हळू, गाडा डावीकडे. दोन ट्रॅक उलट दिशांना फिरवले की जागच्या जागी वळण. क्लच नाही, गिअर बदलताना लागणारा झटका नाही, आणि थांबलेल्या अवस्थेतही मोटार पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे वळताना आतल्या बाजूचा ट्रॅक जमिनीकडून ओढला जातो, तेव्हा त्याची मोटार जनरेटर होते आणि ती वीज बाहेरच्या बाजूला उपयोगी पडते. ब्रेक लावून वळणाऱ्या गाड्यात हीच शक्ती उष्णता होऊन वाया जाते. २.५२ आकड्याच्या गाड्यात ती वाया घालवणं परवडलंच नसतं.

याची किंमतही होती. तांबं लागतं, टनांनी लागतं, आणि युद्धकाळच्या जर्मनीत तांब्याची चणचण होती. शक्ती दोनदा रूप बदलते, दोन्ही वेळा थोडी गळते. डीसी मोटार जड भाराखाली अडकून राहिली की विद्युतप्रवाह चढतो, ब्रश आणि कम्युटेटर तापतात. म्हणून चिखलात फसलेल्या अशा गाड्याला तसंच रेटत राहणं हा मोटार जाळण्याचा खात्रीचा मार्ग. आणि आघाडीवरच्या दुरुस्तीवाल्याला गिअर कळतो, आर्मेचरचं वाइंडिंग कळतंच असं नाही.

इंजिनाबद्दल. पोर्शला डिझेल हवं होतं, ते वेळेत मिळेना. पहिल्या गाड्यात डेमलर-बेन्झचं एमबी ५०९ बसलं. विमानाच्या डीबी ६०३ या ४४.५ लिटरच्या बारा सिलिंडर इंजिनापासून ते बनवलेलं, आणि विमानात मिळणाऱ्या शक्तीपेक्षा बरंच उतरवून १,०८० अश्वशक्तीवर आणलेलं. दुसऱ्या गाड्यासाठी एमबी ५१७ डिझेल, १,२०० अश्वशक्तीचं. ऐकायला भरपूर वाटतं, पण टनामागे पडतात ५.७ आणि ६.४. टायगर-१ला टनामागे १२, सोव्हिएत टी-३४ला १६.

याचा अर्थ रस्त्यावर काय होतो? १,०८० अश्वशक्ती म्हणजे ७९४ किलोवॅट. जनरेटर, मोटारी, गिअर आणि थंड करणारे पंखे मिळून चौथा हिस्सा गेला असं धरू (हे माझं गृहीतक, चाचणीतलं मोजमाप नव्हे). ट्रॅकवर ५९५ किलोवॅट उरले. घट्ट रस्त्यावर वजनाच्या ५ टक्के रोध धरला तर ९२ किलोन्यूटन, म्हणजे ताशी २३ किलोमीटर; कागदावरच्या कमाल २०शी हे जुळतं. आता दहाला एक चढ आला, किंवा चढ नाही पण माती मऊ होऊन रोध १५ टक्के झाला: वेग ताशी ८च्या खाली. शंभराला ३० मीटरचा चढ असेल तर ताशी ३च्या थोडा वर. म्हणजे लढाईच्या जागी माऊस माणसाच्या चालीने फिरला असता, अनेकदा त्याहूनही हळू.

सस्पेन्शनचा उल्लेख वर आलाच. पोर्शला गाड्याच्या लांबीला समांतर टॉर्शन बार (पीळ खाऊन झोके जिरवणाऱ्या पोलादी दांड्या) हवे होते. ज्वालाफेकी यंत्रणेचे ५ टन आले तसे ते हलच्या ठरलेल्या जागेत पुरेनात आणि श्कोडा या झेक कंपनीच्या सल्ल्याने शंकूसारख्या गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या बोगी (चाकांचे गट) घेतल्या गेल्या. आखूड, भक्कम, जागा कमी खाणाऱ्या. झोके जिरवण्यात त्या टॉर्शन बारच्या मागे, पण ताशी ८ किलोमीटरला झोके येणार कुठून?

टरेटबद्दल थोडक्यात. १२.८ सेंटिमीटरची तोफ तीच जी यागडटायगर या जर्मन तोफगाड्यात होती: सुमारे २८ किलोचा गोळा, सेकंदाला ९०० मीटरच्या वर वेग, गोळा आणि दारूची केस वेगवेगळी भरायची. त्यामुळे भरणारे दोघे, एकूण सहा माणसं. मोठ्या तोफेचे गोळे मर्यादित, म्हणून किरकोळ कामांना शेजारची ७.५ची तोफ. टरेटचं तोंड एका २२० मिलीमीटरच्या पत्र्याला बाक देऊन केलेलं होतं आणि यात एक खोड होती: बाकाच्या खालच्या अर्ध्या भागावर आदळलेला गोळा खाली वळून हलच्या छतावर, म्हणजे पातळ भागावर जाऊ शकतो. टरेट बनवणाऱ्या क्रुप कंपनीच्या लक्षात ते आलं होतं. पुढच्या टरेटच्या आराखड्यात तोंड सरळ, तिरकं केलेलं दिसतं.

पूल हा स्वतंत्र विषय. १८८ टन पेलणारे रस्त्यावरचे पूल युरोपात जवळजवळ नव्हतेच. म्हणून नदी तळावरून ओलांडायची असं ठरलं. पाण्याखाली सुमारे ८ मीटरपर्यंत, वर उभी नळकांडी लावून आतल्या माणसांसाठी हवा घ्यायची. पण पाण्याखाली इंजिन चालवता येत नाही. इथे वीज-ड्राइव्ह पुन्हा कामी येतो: काठावर उभ्या दुसऱ्या माऊसच्या जनरेटरमधून केबलने वीज द्यायची आणि बुडालेल्या गाड्याच्या मोटारी तिच्यावर चालवायच्या. तो पार झाला की त्याने मागच्याला वीज द्यायची. कल्पना चोख आहे. पण तिचा दुसरा अर्थ असा की एकटा माऊस कुठलीही मोठी नदी ओलांडू शकत नाही, आणि पार करण्याआधी तळ दगडी आहे की गाळाचा हे कुणीतरी जाऊन पाहिलेलं असलं पाहिजे. रेल्वेसाठी १४ आसांची खास वाघीण बनवावी लागली. प्रत्येक आसावर गाड्याचे १३ टनांहून जास्त आणि वर वाघिणीचं स्वतःचं वजन.

हल आणि टरेट एसेनला क्रुपकडे, जोडणी बर्लिन-स्पांडाऊला आल्केट कारखान्याकडे. पहिला गाडा डिसेंबर १९४३च्या अखेरीस आल्केटच्या आवारात हलला. टरेट तयार नव्हतं, म्हणून त्याच्या वजनाचं बॅलास्ट वर ठेवून. जानेवारी १९४४ मध्ये तो श्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेनला नेला. मार्चमध्ये दुसरा हल तिथे पोचला, इंजिनाशिवाय, आणि पहिल्याने त्याला ओढून नेलं. मऊ जमिनीत पहिला गाडा हलपर्यंत रुतल्याचे फोटो आहेत. फावड्यांनी खणून आणि खाली लाकडं घालून त्याला बाहेर काढलं. स्टीअरिंगबद्दलच्या तक्रारी अपेक्षेपेक्षा कमी होत्या. खरं टरेट मे १९४४ मध्ये आलं आणि जूनमध्ये दुसऱ्या गाड्यावर बसलं. पुढच्या चाचण्या कुमर्सडोर्फच्या चाचणी मैदानावर.

पण तोवर निर्णय होऊन गेला होता. मागणी १४१ गाड्यांपर्यंत चढली होती. ऑक्टोबर १९४३च्या अखेरीस, पहिला गाडा हलण्याआधीच, मालिका उत्पादन रद्द झालं. १९४३भर एसेनवर हवाई हल्ले चालू होते, आणि एका माऊसच्या वजनात चार पँथर रणगाडे बसतात. एवढ्या जाड पत्र्यांचं रोलिंग, कडक करणं आणि वेल्डिंग करू शकणारे कारखाने मोजकेच, आणि तेच पँथर व टायगरचं कामही करत होते. माझ्या मते खरा अडसर पोलादापेक्षा याच यंत्रांच्या वेळेचा होता. शिवाय बंद पडलेला माऊस ओढायला दुसरा माऊसच लागतो, हे कुठल्याही दुरुस्ती पथकाला मान्य होण्यासारखं नव्हतं.

हीच अडचण अमेरिकनांनी वेगळ्या प्रकारे सोडवून पाहिली. त्यांच्या टी-२८ला (मधल्या काळात नाव टी-९५) ८६ टनांसाठी प्रत्येक बाजूला दोन-दोन ट्रॅक दिले. रुंदी ४.५५ मीटर, दाब फक्त ०.८२. रेल्वेसाठी बाहेरची जोडी सोडवून, एकमेकींना बोल्टने जोडून मागे ओढत न्यायची, मग रुंदी ३.१५. चौघांना सुरुवातीला यासाठी ४ तास लागत, सरावाने अडीच. जमिनीचा दाब यातून सुटला. इंजिन मात्र फोर्डचं ५०० अश्वशक्तीचं, वेग ताशी १३. पहिला गाडा डिसेंबर १९४५ मध्ये मिळाला, युद्ध संपल्यावर.

माऊस लढाईत उतरल्याचा भरवशाचा पुरावा नाही. शेवटच्या दिवसांत दुसरा गाडा जर्मनांनीच स्फोटकं लावून फोडला. सोव्हिएत सैन्याला दोन्ही सापडले. फुटलेल्या गाड्याचं टरेट शाबूत होतं. ते ५५ टन ओढायला जर्मनांचेच सहा १८ टनी अर्ध-ट्रॅक ट्रॅक्टर जुंपावे लागले. ते टरेट पहिल्या हलवर चढवून गाडा मे १९४६ मध्ये कुबिंकाला पोचला आणि आजही मॉस्कोजवळ तिथेच आहे. म्हणून कुबिंकाच्या फोटोंवरून माऊसचं मॉडेल करणाऱ्यांनी जपून: खाली पेट्रोल इंजिनासाठी केलेला हल आहे, वर दुसऱ्या गाड्याचं टरेट, आणि हलवर दिसणारे गोळ्यांचे खड्डे युद्धातले नसून नंतरच्या सोव्हिएत चाचण्यांमधले आहेत.